जर्मनीत लहान खेड्याला स्वतःची ग्रामपंचायत असते का? आमच्या वाडीला वेगळी हवी आहे, पण गाव फुटेल म्हणतात.

प्रत्येक खेड्याला नसते. जर्मनीतल्या होफ शहरात शिकत असताना मी जवळच्या म्योडलारॉइटला गेलो होतो. वस्ती जेमतेम पन्नासेक माणसांची. मधून टानबाख वाहतो, एका ढांगेत पार होईल एवढा ओढा. अलीकडची घरं बव्हेरिया राज्यातल्या ट्योपेन ग्रामपालिकेत, पलीकडची थुरिंगिया राज्यातल्या गेफेल नगरपालिकेत. हद्दीचे दगड १८१० चे. महापौर दोन, पिनकोड दोन. अलीकडे सदस्य सहा वर्षांसाठी निवडतात, पलीकडे पाच. ३१ ऑक्टोबरला पलीकडे सुट्टी, १ नोव्हेंबरला अलीकडे.

सव्वाशेहून जास्त वर्षं त्या दगडांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. महायुद्धानंतर ओढ्याच्या एका काठावर अमेरिकन, दुसऱ्यावर रशियन. १९५२ साली लाकडी कुंपण घातलं, १९६६ साली सातशे मीटरची काँक्रीटची भिंत. थुरिंगियाची बाजू पूर्व जर्मनीत गेली होती; तिथल्यांना बव्हेरियाकडच्या माणसाला हात हलवायचीही बंदी होती! ९ डिसेंबर १९८९ ला भिंतीत वाट उघडली, १७ जून १९९० ला बुलडोझर लागला. एक तुकडा राखून ठेवलाय. त्याला हात टेकून उभा होतो आणि मला आमचे थोरले काका आठवले.

आमची वाडीही ओढ्यापलीकडे. बायका झऱ्यावरून पाणी वाहायच्या आणि निधी जायचा मूळ गावातल्या देवळासमोरच्या पेव्हर ब्लॉकला. आम्ही वेगळी पंचायत मागितली, मिळाली. काका म्हणाले, "पंचायत वेगळी झाली म्हणजे चूल वेगळी झाली." माझ्या बहिणीच्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता ओढा ओलांडून परत गेले. आई दारात ताट घेऊन उभी होती.

म्हणून स्पष्ट सांगतो, दप्तर वेगळं झाल्यानं गाव फुटत नाही. येणंजाणं तोडलं की फुटतं. म्योडलारॉइटमध्ये कारभार आजही दोन राज्यांचा आहे आणि माणसं ओढा ओलांडून एकमेकांकडे जातात. तुम्ही खुशाल वेगळे व्हा.

फक्त स्मशानभूमी, गायरान आणि पाण्याची टाकी कोणाकडे राहणार, ते ठरावात आधी लिहून घ्या. आमच्याकडे ते राहून गेलं. काकांचा राग टाकीवरून सुरू झाला होता, आणि त्यात ते चुकले नव्हते.