'ग्रंथ लिपी' की 'ग्रंथा लिपी'?

प्रश्न असा आला आहे: "तंजावरच्या ताडपत्रांवरच्या एका लेखात 'ग्रंथा लिपी' असा उल्लेख वाचला. हे लिपीचं नाव आहे, की 'ग्रंथांची लिपी' असा साधा अर्थ घ्यायचा? आणि पोथी संस्कृत असेल तर ती देवनागरीत का नाही?"

आधी तो शेवटचा काना काढून टाकू. नाव 'ग्रंथ' आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ए' दिसला की आपण काना देऊन मोकळे होतो. योगचं 'योगा' झालं, तसंच हे. मी 'ग्रंथ लिपी' असं सुटं लिहितो, जसं 'मोडी लिपी' लिहितो. जोडून लिहिलं की वाचणारा 'ग्रंथांची लिपी' असा विग्रह करतो आणि हे विशेषनाम आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. गुरू ग्रंथसाहेबाशीही हिचा काही संबंध नाही. त्याची लिपी गुरुमुखी.

नाव पडलं ते मात्र त्याच साध्या अर्थावरून. तमिळ देशात तमिळ मजकूर तमिळ लिपीत लिहायचा आणि संस्कृत ग्रंथ या लिपीत, म्हणून ही 'ग्रंथ'. ताडपत्रांना भोक पाडून ती दोरीत ओवतात, त्या 'ग्रथ'ण्यावरून नाव आलं असंही कुणी सांगतं. ऐकायला छान आहे, पण दोरीत ओवलेल्या पोथ्या तमिळमध्येही होत्याच की. मला पहिलंच पटतं.

स्वतंत्र लिपीची गरज का पडली, हे कळायला या नावाचंच तमिळ लेखन बघावं. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना मिळून एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून मध्ये 'इ' घालून ते फोडायचं. असं करत 'ग्रंथम्' तमिळमध्ये लिहिलं जातं 'किरन्तम्'. म्हणजे संस्कृत लिहिण्यासाठी घडलेल्या लिपीचं नावसुद्धा शेजारच्या लिपीत धड उतरत नाही! हा तमिळ लिपीचा दोष नव्हे. तमिळ भाषेला त्या चार वेगळ्या 'क'वर्गीय अक्षरांची गरजच नाही. 'तोल्काप्पियम्' हे तमिळचं जुनं व्याकरण तर उत्तरेकडचे शब्द घेताना 'वडएळुत्तु', म्हणजे उत्तरेची अक्षरं, टाळायलाच सांगतं. पण वेद म्हणणाऱ्याला 'दान' आणि 'धान' एकाच अक्षरात लिहून कसं चालेल?

तेव्हा ब्राह्मी या प्राचीन लिपीच्या दक्षिणेकडच्या शाखेतून, पल्लव राजांच्या काळात, संस्कृतची सगळी वर्णमाला पेलणारी ही लिपी आकाराला आली. मामल्लपुरमजवळ साळुवनकुप्पमला अतिरणचंडेश्वराचं लेणं आहे. तिथे एकच संस्कृत लेख एका भिंतीवर पल्लव ग्रंथात आणि दुसरीवर नागरीत कोरलेला आहे. दोन लिप्या, भाषा एकच.

प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर इथेच आहे. 'संस्कृत म्हणजे देवनागरी' हे समीकरण छापखान्यांनी रूढ केलं. त्याआधी काश्मिरात संस्कृत शारदा लिपीत लिहीत, बंगालात बंगाली लिपीत, केरळात मलयाळममध्ये आणि तमिळ देशात ग्रंथ लिपीत. संस्कृतची अशी स्वतःची लिपी कधी नव्हतीच. पुण्यात भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. तळटिपांत पाठभेदांपुढे रोमन अक्षरं दिसतील: देवनागरी पोथ्यांना 'डी', तेलुगू पोथ्यांना 'टी', मलयाळमला 'एम' आणि ग्रंथ लिपीतल्या पोथ्यांना 'जी'. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी ते 'जी' पाहिलं असेल आणि पुढे गेले असतील. कौटिल्याचं 'अर्थशास्त्र'ही याच वाटेने आलं. तंजावरकडच्या एका पंडिताने 1905 साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात जी ताडपत्राची पोथी आणून दिली, ती ग्रंथ लिपीत होती. तिथले ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ती वाचून 1909 मध्ये छापली.

आता तंजावर. तिथल्या बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाचा प्रसिद्ध शिलालेख आहे. लेख तमिळ, पण आरंभीचा 'एतद्विश्वनृपश्रेणि…' हा श्लोक संस्कृत आणि म्हणून ग्रंथाक्षरांत. श्लोक संपला की तमिळ सुरू आणि लिपीही बदलते. वैष्णव आचार्यांच्या मणिप्रवाळ, म्हणजे संस्कृत-तमिळ मिश्र भाषेतल्या, भाष्यांत तर हा पालट एकाच वाक्यात होतो, संस्कृत शब्द ग्रंथात आणि प्रत्यय-क्रियापदं तमिळमध्ये. त्याच मंदिरात सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास कोरवला, तो मराठीत, देवनागरी अक्षरांत. तंजावरच्याच सरस्वती महाल ग्रंथालयात ग्रंथ, तेलुगू, देवनागरी, नंदिनागरी अशा अनेक लिप्यांतल्या पोथ्या एका छताखाली आहेत आणि मोडी कागदही. तेव्हा 'तंजावरची पोथी' म्हटलं की लिपी कोणती हे विचारायलाच हवं.

पुढचा उपप्रश्न बहुधा येणारच, म्हणून आताच सांगतो: ग्रंथ लिपी तमिळ लिपीतून निघालेली नाही. उलट, आजच्या तमिळ अक्षरांची बरीचशी वळणं पल्लव काळातल्या ग्रंथावरून आली, असं लिपितज्ज्ञ मानतात. मलयाळम लिपी आणि दक्षिण कर्नाटकातली तिगळारी (तिलाच तुळू लिपी म्हणतात) या मात्र सरळ ग्रंथाच्या लेकी. मलयाळम वाचता येणाऱ्याला ग्रंथातली बरीच अक्षरं ओळखीची वाटतात ती त्यामुळे.

आणि ती मेलेली आहे का? पुरती नाही. ज, ष, स, ह, क्ष आणि 'श्री' ही तिची अक्षरं रोजच्या तमिळमध्ये सर्रास चालतात. शुद्धतमिळवाद्यांना ती खपत नाहीत. गंमत म्हणजे द्रमुकचे नेते स्टालिन यांच्या नावातला पहिला 'स' ग्रंथाचाच. कडवे लोक तिथे 'इसुटालिन्' लिहितात. 2010 मध्ये ग्रंथ लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संचात, घेण्याच्या प्रस्तावावरून तमिळनाडूत बराच वाद झाला. ग्रंथाच्या संचात काही खास तमिळ अक्षरं घालायची सूचना होती, ती तमिळ अभ्यासकांना रुचली नाही. शेवटी जून 2014 मध्ये युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत ग्रंथ लिपी आली. आपली मोडीही त्याच आवृत्तीत आली.

हात चालवून बघायचा असेल तर 'अक्षरमुख' या लिप्यंतराच्या साधनात देवनागरी मजकूर टाका आणि लिपी 'ग्रंथ' निवडा. फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतील, तेव्हा आधी तो घ्या. मराठी माणसाची एक सोय आहे: ग्रंथात 'ळ' आहे, त्यामुळे टिळक, काळे, कांबळे सगळे नीट उतरतात. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च मात्र तिथेही एकच.