क्वेकर शाळेतला चिंतनदिन: पहिल्यांदाच जाणाऱ्या शिक्षिकेला

सकाळची मौनसभा आधी नीट समजून घे, चित्रकला-मातीकाम नंतर जमतंच. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ; अमेरिकेत फिलाडेल्फियाकडच्या त्यांच्या शाळांतल्या सभेत पाद्री नसतो, प्रवचन नसतं. सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उभा राहून थोडंसं बोलतो. त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही, शाबासकीही नाही. सहावी-सातवीची मुलं खुसखुसणारच. लगेच डोळे वटारू नकोस, शेजारी जाऊन बस, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शेवटी हस्तांदोलन झालं की सभा संपली.

चिंतनासाठी एकच प्रश्न दे. ‘शांतता म्हणजे काय?’ नको, मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. ‘या आठवड्यात तू कुणाचं नीट ऐकून घेतलंस?’ हा चालेल.

दुपारी स्पर्धा, बक्षिसं अजिबात नकोत; समता हे क्वेकरांचं मूळ तत्त्व. एडवर्ड हिक्स (१७८०-१८४९) हा पेनसिल्व्हेनियाचा क्वेकर चित्रकार. हिंस्र प्राणी आणि गरीब जनावरं एकत्र नांदतायत, हे दृश्य त्याने पुन्हा पुन्हा रंगवलं. ते दाखव आणि रंग मुलांच्या हाती दे. फळ्यावर नमुना मात्र काढू नकोस, नाहीतर वर्गभर एकसारखे सिंह! आणि हो, बाकांवर पसरायला रद्दी आदल्या दिवशीच आणून ठेव.