‘आता नाही घेतलं तर कधीच होणार नाही’

ताई,

माझं वय 34, नवऱ्याचं 37. शहर महाग, आम्ही दोघंही नोकरीत. बऱ्याच दिवसांपासून घर बघतोय. कुठे भाव आवाक्याबाहेर, कुठे कागदपत्रांत गोंधळ, कुठे आम्ही हो म्हणेपर्यंत दुसऱ्याने जास्त पैसे दिलेले. मध्यंतरी एक घर फार आवडलं. पडद्यांसाठी खिडक्यांची मापंसुद्धा मी मोबाइलमध्ये लिहून ठेवली होती. नवरा म्हणाला, एक रात्र विचार करू. सकाळी फोन केला तर घर गेलेलं. सुरुवातीला ठरवलेल्या रकमेच्या सव्वापटीपर्यंत आता आम्ही आलोय, तरी पुरत नाही. हल्ली तो घर बघायलाच येत नाही. ‘तू बघ, आवडलं तर सांग’ म्हणतो. तो झोपला की मी रात्री जाहिराती चाळत बसते. बाबा त्यांचे निवृत्तीचे पैसे देतो म्हणतात. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. धाकट्या भावालाही नाही. बरोबरीच्या सगळ्यांची घरं झाली. आता नाही घेतलं तर कधीच होणार नाही असं वाटतं. नवऱ्याला कसं समजावू?

– थकलेली

प्रिय थकलेली,

आधी त्या गेलेल्या घराबद्दल. खिडक्यांची मापं घेतलीस म्हणजे मनाने तू तिथे राहायला गेलीच होतीस. वाईट वाटणारच. ‘घरच ना, दुसरं मिळेल’ म्हणणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नकोस. पण त्या एका रात्रीचं खापर नवऱ्यावर फोडलं असशील, तर तेवढं मागे घे. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज डोक्यावर घेण्याआधी माणसाने एक रात्र मागितली, तर बिघडलं कुठे? ‘आत्ताच सांगा, दुसरी पार्टी खाली उभी आहे’ असं एजंट म्हणतो, तेव्हा ती पार्टी खरंच उभी असेलही. पण त्याला कमिशन मिळतं ते सौदा झाल्यावर. तो सौदा तुम्हाला झेपेल की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. ‘सव्वापट’ हा शब्द तू लिहिलास आणि पुढे निघून गेलीस. ही रक्कम वाढली कशाने? पगार वाढले असते तर तू तसं लिहिलं असतंस. ती वाढवली हातून गेलेल्या घरांनी. मागच्या वेळी थोडक्यात हुकलं, आता जरा ताणू. पुढच्या वेळी आणखी जरा. प्रत्येक वेळचं ‘जरा’ लहान वाटतं, कारण आपण ते घराच्या किमतीशेजारी ठेवून बघतो. महिन्याच्या खर्चाशेजारी ठेवलं असतंस तर तेव्हाच दचकली असतीस.

1971 साली एका तेल कंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक लेख लिहिला होता. जमिनीखाली तेल किती, हे बोली लावणाऱ्या कुणालाच नक्की माहीत नसतं. सगळे अंदाजाने बोलतात, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याच्याच गळ्यात बहुधा ते क्षेत्र पडतं. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. घराची गोष्ट थोडी वेगळी आहे, कबूल. तिथे तू राहणार आहेस, आणि आवडीसाठी थोडं जास्त मोजण्यात गैर काही नाही. पण एकाच घरावर चार-पाच जण तुटून पडलेले असताना ते मिळतं सर्वांत जास्त ताणणाऱ्याला. ‘तुझ्या’ खिडक्यांना ज्यांचे पडदे लागले, त्यांना ते घर झेपलं की नाही, हे अजून त्यांनाही माहीत नाही.

आता नवरा. तो आळशी आहे किंवा त्याला घर नकोच आहे, असं मला पत्रावरून वाटलं नाही. माझा तर्क असा की तो आकड्याला घाबरलाय आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटतेय. बायको इतकी धडपडतेय, सासरे पैसे द्यायला निघालेत (हे त्याला कुठून तरी कळलं नसेलच, असं धरून चालू नकोस), आणि आपण म्हणायचं की झेपत नाही? त्यापेक्षा ‘तू बघ’ म्हटलेलं बरं. त्याला नाही म्हणावं लागत नाही, ते काम बाजार परस्पर करून टाकतो. हा झाला माझा तर्क. खरं काय ते त्यालाच विचारायला हवं, आणि ते त्याला समजवायला न बसता विचारायला हवं.

विचारायचं ते इतकंच: ‘महिन्याचा हप्ता किती झाला तर तुझी झोप उडेल?’ तूही स्वतःला हेच विचार. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आकडा लिहा, मग एकमेकांना दाखवा. दोन्हींपैकी लहान आकडा धरायचा. यावर वाद घालायचा नाही आणि मधला आकडाही काढायचा नाही. पुढची वीस वर्षं ज्याची झोप उडणार, त्याला नकाराचा हक्क असायला हवा. त्या हप्त्यात किती कर्ज बसतं ते बँकेकडून काढा, त्यात तुमची स्वतःची शिल्लक घाला. त्यातून नोंदणी, कर, दलाली आणि दुरुस्तीचा खर्च वजा करा. आणखी सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात लावायचा नाही. उरेल ती तुमची मर्यादा. एखादं घर हातचं गेलं म्हणून ती वाढत नाही. पगार वाढला, एखादं कर्ज फिटलं, तर पुन्हा बसा आणि पुन्हा ठरवा.

मर्यादा ठरली की तिची रंगीत तालीम करा. येणारा हप्ता आणि आत्ताचं भाडं यांत जो फरक आहे, तो सहा महिने दर पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्यात त्यातूनच पैसे काढावे लागले, तर तुला उत्तर फुकटात मिळालं. नाही काढावे लागले, तर नवऱ्याची भीती माझ्या सल्ल्याने जाणार नाही इतकी त्या पासबुकाने जाईल. शिवाय हाताशी रक्कमही जमेल.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य तुझ्या कानावर रोज पडत असणार. मग व्याज कुठे जातं? साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 100 रुपये कर्ज घेतलं, तर फेडायचे होतात 208 च्या आसपास. पहिल्या हप्त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे नुसत्या व्याजात जातात. पाच वर्षांत तू सुमारे 52 रुपये भरलेले असतेस आणि मूळ शंभरातले 88 अजून डोक्यावर असतात. म्हणजे पाच-सहा वर्षांत शहर किंवा नोकरी बदलायची शक्यता असेल, तर घर घेऊन ‘आपलं काहीतरी झालं’ या समाधानाची किंमत भलतीच मोठी पडते. म्हणून घर घेऊच नये, असं मी म्हणत नाही. घरमालक कधी निघा म्हणेल ही टांगती तलवार नसणं, भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं न लागणं, याला मोल आहे. पण आवडलेल्या घरासारखंच घर भाड्याने घेतलं तर वर्षाचं भाडं त्या किमतीच्या किती टक्के होतं, एवढं एकदा काढून बघ. ते तीन टक्के असेल आणि बँक साडेआठने कर्ज देत असेल, तर भाड्याने राहणारा मूर्ख नाही. फक्त वाचलेला फरक त्याने खरोखर बाजूला टाकायला हवा. तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

आणि बरोबरीचे? स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशातही निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. मैत्रिणींच्या घरांचे फोटो तू बघतेस, पण त्यांच्या हप्त्यांचे फोटो कुणी टाकत नाही.

‘आता नाही तर कधीच नाही’ ही भीती मात्र खरी आहे, तिला मी हसणार नाही. काही शहरांत वर्षानुवर्षं भाव पगारांच्या पुढे धावले आहेत आणि थांबणाऱ्यांचं नुकसान झालं आहे. पण भाव फक्त वरच जातो, हे खरं नाही. ॲम्स्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या व्यवहारांचा पिट आइखोल्ट्झ या अभ्यासकाने 1628 ते 1973 असा हिशेब लावला. महागाई वजा केली तर जवळजवळ साडेतीनशे वर्षांत किंमत जेमतेम दुप्पट झालेली निघाली. मधे मोठे चढ होते आणि पिढी खपावी इतके लांब उतारही. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. तुझ्या शहराचं पुढे काय होईल हे मला सांगता येणार नाही, एजंटलाही नाही. भाव वाढले तरी फेडता येईल आणि पडले तरी राहता येईल असं घर मिळालं, तर मुहूर्त चुकल्याची काळजी बरीच कमी होते.

मर्यादेत बसणारी घरं लहान असतील, लांब असतील. तिथे सुट्टीच्या दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला तिथून निघून बघा. नळ सोडून धार बघा. छताचे कोपरे आणि खिडक्यांखालचा रंग बघा, ओल तिथेच आधी कळते. जिन्यात भेटलेल्या जुन्या रहिवाशाला विचारा, ‘तुम्हाला इथे कशाचा त्रास होतो?’ एजंट दहा मिनिटं बोलून जे लपवतो, ते हा माणूस एका दमात सांगतो. कागदपत्रं स्वतः नेमलेल्या वकिलाला दाखवा, विकणाऱ्याने सुचवलेल्याला नको.

रात्रीच्या जाहिरातींना मर्यादेचं फिल्टर लाव आणि आठवड्यातून एकदाच बघा, दोघांनी मिळून.

बाबांचे पैसे मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण इथे मी कडक बोलणार आहे. घरासाठी बँक कर्ज देते, म्हातारपणासाठी सहसा कुणी देत नाही. बाबांना आता पगार मिळणार नाही, आणि त्या पैशांवर आईचंही आयुष्य अवलंबून आहे. ते प्रेमाने देतायत म्हणूनच त्यांना नको म्हणायची जबाबदारी तुझ्यावर येते. त्यांचा आजारपणाचा आणि रोजचा खर्च बाजूला काढून काही उरत असेल आणि आईचीही इच्छा असेल, तर त्यातला थोडा भाग घे. पण ते देणगी की उसने, हे कागदावर लिहून घ्या आणि भावाला आधी सांगा. त्याला नंतर कुठून तरी कळलं, तर घर तुझं होईल आणि माहेरी बोलणं बंद होईल.

आणि नवऱ्यापासून हे लपवून ठेवलंस, ते मला आवडलं नाही. त्याने नाही म्हटलं तर काय करायचं, म्हणूनच सांगितलं नाहीस ना? मग तुझ्या मनातल्या रकमेत बाबांचे पैसे आहेत आणि त्याच्या मनातल्या रकमेत नाहीत. दोघं दोन वेगवेगळी घरं शोधताय. या रविवारी घर बघायला जाऊ नका. आधी त्याला हे सांग, मग ते कागद काढा. तो चिडेल. चिडू दे.

बाबांना सध्या एवढंच कळव: ‘पैसे तुमच्याकडेच राहू द्या. आमचा आकडा ठरला की काय कमी पडतंय ते येऊन सांगतो.’ आणि जाशील तेव्हा नवऱ्याला बरोबर घेऊन जा.

– ताई