१४व्या मजल्यावर राहतो, आईला जिना उतरता येत नाही. फायर अलार्म वाजला तर खाली पळायचं की घरातच थांबायचं?

दाराबाहेर धूर आहे की नाही, त्यावर सगळं ठरतं. आगीत माणसं भाजून जातात त्यापेक्षा धुराने गुदमरून जास्त जातात, म्हणून आधी धुराचा विचार करा. आमच्या सोसायटीत कमिटीवर असल्यामुळे फायरचं सगळं मीच बघतो, तिथे लोकांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

अलार्म वाजला की कोणी चुकून दाबला असेल म्हणून बसून राहू नका. मेन दाराला उलटा हात लावून बघा, गरम नसेल तर जरासं उघडून बाहेर बघा. पॅसेज आणि जिना मोकळा असेल तर मोबाईल आणि चावी घेऊन निघा, दार ओढून घ्या, आणि जिन्यानेच जा, लिफ्ट नाही म्हणजे नाही, लाईट गेली की मध्येच अडकाल आणि धूर लिफ्टच्या डक्टमधूनही वर चढतो. आईंसाठी आजच शेजारच्या दोघांशी बोलून ठेवा, हात असलेल्या मजबूत खुर्चीत बसवून दोघं माणसं उतरवू शकतात, अगदी खालपर्यंत नाही जमलं तर खालच्या रेफ्युज एरियापर्यंत तरी, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला बिल्डिंगमध्ये मोकळी ठेवलेली जागा. तो कितव्या मजल्यावर आहे ते बघून या, आणि तिथे कोणी जुने सोफे टाकलेत का तेही बघा.

जिन्यात धूर असेल तर मात्र दार बंद करून आतच थांबा. टेरेसवर पळायचं मनात येतं, पण जिना तेव्हा चिमणीसारखा धूर वर ओढतो आणि टेरेसला बऱ्याचदा कुलूप असतं. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीच्या खोलीत सगळे जा, मधली दारं लावा, १०१ ला फोन करून विंग, मजला, फ्लॅट नंबर सांगा आणि खिडकीतून चादर नाहीतर टॉर्च हलवत राहा. बाथरूममध्ये लपू नका. २०१७ च्या मुंबईतल्या कमला मिल आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच वॉशरूममध्ये गुदमरून.

ओल्या रुमालाबद्दल लोक नेहमी विचारतात. २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना सुती कपडे फाडून ओले करून नाकाला लावायला सांगितलं होतं, फार मोठं धाडस त्या पोरीचं. काजळी त्याने अडते, पण कार्बन मोनॉक्साईड अडत नाही, त्यामुळे रुमाल आहे म्हणून धुरातून जिना उतरायला जाऊ नका.

आणि एक, जे मला सगळ्यात जास्त खुपतं. जिन्याचं फायर डोअर हे धूर जिन्याबाहेर ठेवायला असतं आणि आमच्याकडे हवा येते म्हणून ते झाडाची कुंडी लावून उघडं ठेवायचे, इलेक्ट्रिक डक्टमध्ये पेपरची रद्दी, चपलांचे बॉक्स, आणि शॉर्ट सर्किट होऊन आग बऱ्याचदा तिथेच लागते. मागे लागून लागून ते हलवून घेतलं. तुम्हीही सेक्रेटरींकडे फॉर्म बी मागा, म्हणजे आगीची यंत्रणा चालू आहे याचं सर्टिफिकेट, महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये तो घ्यावाच लागतो, आणि नुसता कागद बघून परत येऊ नका, तुमच्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून पाणी येतं का ते समोर दाखवायला सांगा.