वाचकांचे प्रश्न : पात्रांची पत्रे, पात्रांच्या रोजनिशा

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी वाचून झाल्यावर प्रत्येकीने एका पात्राच्या नावाने पत्र लिहायचे ठरले. मी शार्लट ल्यूकसचे तिची मैत्रीण आणि कादंबरीची नायिका एलिझाबेथ हिला पत्र लिहिले. आढ्यताखोर पाद्री कॉलिन्सशी लग्न का केले, आता मनात काय आहे, हे सारे त्यात मन लावून मांडले. तरीही हे पत्र शार्लटचे वाटत नाही, असे सर्वांचे मत पडले. काय राहिले असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण शार्लटचे मन लिहिले आणि त्याला पत्राचा मायना जोडला, असे मला वाटते. पत्र कोणाला तरी उद्देशून असते, आणि त्या व्यक्तीपासून काय राखून ठेवायचे हे लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वीच ठरवलेले असते. शार्लटच्या बाबतीत तर लेखिकेनेच वाट दाखवून ठेवली आहे. लग्न ठरल्यावर दोघी मैत्रिणींचा पत्रव्यवहार पूर्वीइतकाच नियमित चालतो, पण त्यातला मोकळेपणा जातो. केंटमध्ये संसार मांडल्यावर शार्लट जी पत्रे पाठवते, त्यांत घर, सामानसुमान, शेजार, रस्ते, सारे काही तिच्या मनासारखे असते, आणि जिची स्तुती करता येणार नाही अशी एकही गोष्ट त्यांत येत नाही. तेव्हा आपल्याला असे पत्र लिहायचे आहे, ज्यात तक्रारीचा एक शब्दही नाही आणि तरी जे वाचून एलिझाबेथ थोडा वेळ गप्प होईल.

त्यासाठी लागणारे साहित्य कादंबरीतच आहे. एलिझाबेथ हन्सफर्डला, शार्लटच्या घरी, पाहुणी म्हणून जाते तेव्हा तिच्या लक्षात येते की जेवणघर अधिक ऐसपैस आणि प्रसन्न असतानाही शार्लट बसायला मागच्या बाजूची खोली वापरते. कारण तिची खोलीही तितकीच प्रसन्न असती, तर कॉलिन्स आपल्या खोलीत कमी वेळ राहिला असता. कॉलिन्सला बागकामाची आवड आहे, आणि या व्यायामाने प्रकृती चांगली राहते म्हणून शार्लट त्याला त्यासाठी होईल तितके उत्तेजन देते. आपल्या पत्रातली शार्लट ‘मी प्रेमासाठी नव्हे, निवाऱ्यासाठी लग्न केले’ असे लिहिणार नाही. ती लिहील, ‘ते सकाळपासून बागेत आहेत, आणि मागच्या खोलीत मला शिवणाला भरपूर निवांत वेळ मिळतो.’ एवढ्यात सत्ताविसाव्या वर्षी केलेला तिचा सारा हिशेब येतो. मायन्याकडेही लक्ष द्यावे. घरची माणसे एलिझाबेथला लिझी म्हणतात, शार्लट मात्र तिला एलायझा म्हणते. पहिल्याच ओळीत ‘लिझी’ आले की जाणकार वाचकाला पत्र परके वाटू लागते.

मन उघडे करणारे पत्र लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यामागे ते लिहिण्यावाचून गत्यंतर नाही असे कारण हवे. त्याच कादंबरीत डार्सी एलिझाबेथला सविस्तर पत्र लिहितो, कारण आदल्या संध्याकाळी तिने त्याची मागणी नाकारताना त्याच्यावर स्पष्ट आरोप केलेले असतात. पत्रावर सकाळी आठची वेळ आहे, दोन कागद दाट अक्षरांनी भरले आहेत, पाकिटाचा कागदसुद्धा कोरा राहिलेला नाही. लग्न न ठरलेल्या स्त्री-पुरुषांनी पत्रव्यवहार करणे त्या समाजात अशोभनीय होते, म्हणून तो ते टपालात न टाकता फिरण्याच्या वाटेवर थांबून तिच्या हातात देतो. आपल्या पात्राच्या पत्रालाही अशी वेळ, असा कागद आणि पोहोचण्याचा असा मार्ग द्यावा. भाषा पुष्कळशी त्यातूनच ठरत जाते.

प्रश्न : जिवावर बेतलेले असताना पात्र रोजनिशी लिहीत बसते, हे पटवून कसे द्यावे? मी भयकथेच्या अंगाने रोजनिशी लिहीत आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : ही शंका जुनी आहे. सॅम्युअल रिचर्डसन यांच्या ‘पामेला’ या १७४० सालच्या कादंबरीतली नायिका संकट दाराशी आले तरी लिहीत राहते, याची हेन्री फील्डिंग यांनी पुढच्याच वर्षी भरपूर थट्टा केली होती. माझ्या मते यावरचा उपाय ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) सापडतो. तिथे लिहिणे हाच बचावाचा एक मार्ग आहे. काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकलेला जोनाथन हार्कर लघुलिपीत रोजनिशी लिहितो. वाड्याचा मालक आपली पत्रे वाचणार हे ओळखून तो मालकासमोर औपचारिक चिठ्ठ्या लिहितो आणि आपली वाग्दत्त वधू मीना हिच्यासाठी लघुलिपीचा आधार घेतो. पण गुपचूप पाठवलेले लघुलिपीतले पत्र काउंटच्या हाती पडते, आणि वाचता न आल्यामुळे तो ते दिव्यावर धरून जाळून टाकतो. त्याआधी तो हार्करकडून तीन पत्रे आगाऊ लिहवून घेतो आणि त्यांवर १२, १९ व २९ जून या तारखा घालायला लावतो. शेवटची तारीख ऐकताच आपल्या आयुष्याची मुदत हार्करला कळते. या तीन पत्रांतला मजकूर साधा, घरी परतत असल्याचे कळवणारा असतो. भीती सारी तारखांत आहे. आपल्या रोजनिशीतही पात्राने लिहिण्याची जोखीम का पत्करली आणि वही कोणाच्या हाती पडू शकते, हे आधी ठरवावे. ‘मला फार भीती वाटत आहे’ यासारखी वाक्ये त्यानंतर आपोआप गळून पडतील.

प्रश्न : हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधील यमूची रोजनिशी लिहिण्याची माझी इच्छा आहे. परंतु यमू स्वतःच सारी हकिकत सांगते. मग रोजनिशीत वेगळे काय येणार? शिवाय तिची मैत्रीण दुर्गी हिचेही एखादे पत्र लिहावेसे वाटते. (निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : आपली इच्छा वाचून मला मनापासून आनंद झाला. यमू कादंबरीत जे सांगते ते सारे घडून गेल्यावर, मागे वळून सांगते. नवऱ्याच्या सहवासातले सुखाचे दिवस वर्णन करताना पुढचे वैधव्य तिला ठाऊक असते, आणि त्याची सावली वाक्यावाक्यावर पडलेली असते. रोजनिशीतल्या यमूला उद्याचे काही माहीत नसावे. रघुनाथरावांबरोबरच्या मुंबईतल्या बिऱ्हाडातील एखाद्या दिवशी तिने केवळ नव्या घराविषयी, वाचायला घेतलेल्या पुस्तकाविषयी लिहावे. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला त्या साध्या मजकुरानेच गलबलून येईल. त्यात ‘का कोण जाणे, मनात पाल चुकचुकली’ असे वाक्य मात्र चुकूनही घालू नये. ऑस्टिन यांच्या कादंबरीत धाकटी बहीण पळून गेल्याची वार्ता एलिझाबेथला कळवणारे थोरली बहीण जेन हिचे पत्र असेच आहे : पहिला अर्धा भाग मेजवान्यांचा आणि गाठीभेटींचा आहे, मग दुसऱ्या दिवसाची तारीख पडते आणि लिहिण्यातली अस्वस्थता लपत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. सासरच्या भरल्या घरात यमूने लिहायचे कुठे, कोणत्या वेळी, दिव्याचे तेल जळल्याचा जाब कोण विचारणार, वही कोणत्या गाठोड्यात राहणार? स्त्रीच्या हाती कागद-लेखणी दिसणे हाच ज्या घरात अपराध होता, तिथे प्रत्येक नोंद तुटक आणि घाईची असणार. लांबलचक चिंतनाला मुंबईच्या बिऱ्हाडात वाव आहे, सासूच्या राज्यात नाही.

दुर्गीच्या पत्राविषयी तर मी अधिक आग्रहाने सांगेन की ते कोणाच्या हातून लिहिले जाईल, हे आधी निश्चित करावे. शेजारच्या एखाद्या मुलाकडून लिहवून घेतले, तर नवऱ्याच्या मारहाणीविषयी ती त्याला काय सांगेल? आणि जे सांगेल, त्यातले तो किती लिहील? आपल्या देशात १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले, म्हणजे आपट्यांच्या वाचकांना ते परिचित होते. पण ते उघडे, टपालवाल्यापासून ओसरीवर बसलेल्या मामंजींपर्यंत कोणीही वाचावे असे. बंद पाकिटाचा अर्धा आणा दुर्गीकडे कुठून येणार? मला वाटते, तिने कार्डच लिहवून घ्यावे, ‘इकडील सर्व क्षेम’ असे त्यात यावे, आणि यमूला मात्र अक्षर कोणाचे आहे यावरून काहीतरी उमगावे. यमूच्या वैधव्यानंतरचे पत्र लिहिणार असाल, तर पत्त्यावर ‘सौ.’च्या जागी ‘गं. भा.’ लिहिताना दुर्गीने त्या लिहिणाऱ्या मुलाला क्षणभर थांबवावे, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : अशी पत्रे छापता येतात का? आमच्या दिवाळी अंकासाठी ‘ययाति’तील देवयानीचे पत्र आले आहे. (संपादक, हस्तलिखित मंडळ, नाशिक)

उत्तर : भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आपटे १९१९ साली निवर्तले, त्यामुळे यमूला पत्र लिहायला परवानगी लागत नाही. ऑस्टिन, स्टोकर यांचाही प्रश्न नाही. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणून ‘ययाति’वरील हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. महाभारतातील देवयानी मात्र सर्वांची आहे. खांडेकरांनी रचलेले प्रसंग आणि वाक्ये टाळून आलेले पत्र मूळ आख्यानावर बेतून पुन्हा लिहायला लेखिकेला सांगावे, अथवा हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. खांडेकरांची देवयानी त्या कादंबरीत स्वतःच निवेदन करते, त्यामुळे मला पहिला मार्ग वाङ्मयीन दृष्टीनेही अधिक चांगला वाटतो.