धानाच्या बांधीतील तणनाशकामुळे बोडीतल्या माशांच्या शरीरात काय बिघडते?

आपला प्रश्न असा आहे: रोवणीनंतर बांधीत टाकलेले ब्यूटाक्लोर पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या बोडीत (लहान तळ्यात) उतरते, मासे मरून वर येत नाहीत, पण रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) वाढत नाही, औषध तर तणाचे आहे, मग माशांशी त्याचा संबंध असेल का? मी गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या मते संबंध असू शकतो, आणि मासा मेला नाही म्हणजे त्याला काही झाले नाही, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे.

तणनाशक फक्त झाडाला लागते, हा समज अगदीच निराधार नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, ते विकर माशाच्या शरीरात नसतेच. मात्र ते पानावर पसरावे म्हणून काही उत्पादनांत मिसळलेले साबणासारखे द्रव्य माशांसाठी मूळ औषधापेक्षाही घातक ठरते. ब्यूटाक्लोर तर स्वतःच माशांना विषारी आहे. पॅराक्वाटची तऱ्हा आणखी वेगळी: ते पेशीतील इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देते, पुन्हा मोकळे होते आणि पुन्हा तेच करते, त्यामुळे त्याचा एकच रेणू सुपरऑक्साइड हा दाहक कण कितीतरी वेळा तयार करू शकतो.

अशा कणांविरुद्ध माशाकडे स्वतःची फळी असते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि कॅटालेज त्याचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. हे दुसरे काम डोळ्यांनी पाहता येते. मेडिकलमधून आणलेले हायड्रोजन पेरॉक्साइड ताज्या रोहूच्या काळजाच्या तुकड्यावर (काळीज म्हणजे यकृत, हृदय नव्हे) दोन थेंब टाकले की तो तुकडा पांढऱ्या फेसाने झाकला जातो. तोच तुकडा आधी उकळून घेतला तर फेस येत नाही, कारण विकर नष्ट झालेले असते. याखेरीज ग्लुटाथायोन हा छोटा रेणू ब्यूटाक्लोरसारख्या विषाला चिकटून ते शरीराबाहेर काढण्याजोगे करतो आणि त्या कामात स्वतः खर्ची पडतो.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. थोडे विष आले की बहुधा ही विकरे आधी वाढतात; मात्रा किंवा मुदत लांबली की ती घटू लागतात, ग्लुटाथायोन संपत येते आणि पेशींच्या पटलातील मेद जळू लागतो. माशाच्या मेदात असंतृप्त आम्लांचे प्रमाण जास्त असल्याने हे नुकसान त्याला लवकर भोवते, विशेषतः कल्ले आणि यकृत येथे. म्हणून एखाद्या अहवालात ‘कॅटालेज वाढले’ एवढेच वाचून मासा सुदृढ आहे असे समजू नये. ती वाढ चढाई सुरू झाल्याची खूणही असू शकते. मेद जळाल्याचे प्रमाण सोबत मोजलेले असेल तरच अर्थ लागतो. ही तपासणी थायोबार्बिट्युरिक आम्लाने करतात. परीक्षानळीत जितका गुलाबी रंग गडद, तितके नुकसान अधिक. ही सगळी डागडुजी माशाला स्वतःच्या ऊर्जेतून करावी लागते आणि तेवढी ऊर्जा वाढीसाठी कमी पडते.

तरीही सगळा दोष तणनाशकावर ढकलण्याआधी पहाटे बोडीवर जाऊन पाहावे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे, आणि त्याचे कारण कुजणारे तण किंवा दाटीने सोडलेले बीजही असू शकते.

आपल्याकडे रोवणी आणि मत्स्यबीज सोडणे हे दोन्ही जुलै-ऑगस्टमध्ये एकत्र येते, हीच खरी अडचण आहे. तणनाशक टाकल्यावर काही दिवस बांधीचे पाणी पाळीतच अडवून ठेवावे, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर टाकणे पुढे ढकलावे, पंप आणि डबे बोडीत धुऊ नयेत, आणि जमल्यास बोटुकली त्यानंतरच सोडावी.