शेतात रात्री येणारी जनावरं बघायला स्वस्तातला ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) कोणता घ्यावा?

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. स्वस्त कॅमेऱ्यात तो बहुतेकदा फुगवलेलाच असतो. आधी ट्रिगरचा वेळ बघा, म्हणजे जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर रोही (नीलगाय) निघून जातो अन् फोटोत नुसती शेपटी. माझ्याकडे अशा शेपट्यांचा संग्रहच आहे! रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे एलईडी घ्या. ८५० वाल्यांचा उजेड लांब जातो, पण लाल ठिपके दिसतात, जनावरालाही अन् चोरालाही. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीला गुडघ्याच्या जरा वर, तोंड उत्तरेकडे करून बांधा. समोरचं गवत कापा. सेन्सर जनावराच्या अंगाची ऊब अन् भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखतो, म्हणून मे महिन्यात भर दुपारी, पारा ४५ वर असताना, तो आंधळाच समजा. शेताबाहेर जंगलात लावायचा तर वनखात्याची परवानगी काढा.